शाळा ऑनलाइन होताना: मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना नेमकी कसली मदत लागते?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

इमारतीच्या दुरुस्तीमुळे आमच्या शाळेचं पुढचं जवळजवळ अर्धं सत्र ऑनलाइन होणार आहे. मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. शिक्षकांच्या बैठकीत पहिला आराखडा आला तो असा, की वर्गाचं वेळापत्रक आहे तसं उचलायचं आणि व्हिडिओ कॉलवर ठेवायचं. तासामागून तास, मध्ये सुट्टी, पुन्हा तास. मला हे अजिबात पटलेलं नाही. पुढच्या बैठकीत दुसरा आराखडा मांडायला मिळणार आहे, म्हणून इथल्या शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांचं मत हवं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात: व्हिडिओ कॉलवरचे थेट तास निम्म्याहून कमी करावेत आणि त्यातून वाचलेला वेळ प्रत्येक मुलाशी फोनवर किंवा छोट्या गटात बोलण्यासाठी वापरावा.

हे नुसतं माझ्या मनातलं नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोत्स्वानामध्ये सुमारे साडेचार हजार कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. प्राथमिक शाळेतल्या काही मुलांच्या घरी दर आठवड्याला गणिताचे छोटे प्रश्न एसएमएसने पाठवले. काही घरी एसएमएस तर पाठवलेच, शिवाय आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला. पालकाने फोन स्पीकरवर ठेवायचा, मुलाने उदाहरण सोडवायचं, पलीकडच्याने ऐकायचं आणि अडलं तिथे हात द्यायचा. इंटरनेट नाही, स्मार्टफोन नाही. शेवटी चाचणी घेतली तेव्हा फोन आलेल्या मुलांचं गणित स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं, नुसते एसएमएस मिळालेल्यांचं तसं दिसलं नाही. २०२२ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे, आपलं मूल नक्की कुठे आहे याचा पालकांचा अंदाजही त्या फोनमुळे अधिक बरोबर झाला.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. युनिसेफच्या ऑगस्ट २०२० च्या अहवालानुसार शाळा बंद असताना किमान ४६.३ कोटी मुलांपर्यंत दूरस्थ शिक्षण पोहोचूच शकलं नाही, ना इंटरनेटवरून, ना टीव्ही-रेडिओवरून. म्हणजे जगातल्या शाळकरी मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. तेव्हा तयारीला कुणालाच वेळ मिळाला नव्हता. आमच्या हातात काही आठवडे आहेत, ते वाया जाऊ नयेत एवढीच तळमळ आहे.

दोन_मुलांची_आई

ताई, आधी धन्यवाद, की पालकांना विचारावंसं वाटलं.

घरातलं चित्र सांगते. दोन मुलं, एक चांगला फोन, तो माझा, आणि माझं ऑफिसचं काम त्याच फोनवर. दोघांचे तास एकाच वेळी आले की एकाचा बुडणार हे ठरलेलं. त्यामुळे पहिली विनंती: आराखडा करण्याआधी घरोघरी विचारा. "फोन आहे का?" एवढं विचारून भागत नाही. तो दिवसाच्या कोणत्या वेळी मुलाच्या हातात असतो, आणि किती भावंडांत वाटला जातो, हे विचारा. आमच्याकडे संध्याकाळी सहानंतर फोन मोकळा असतो. सकाळी दहाचा तास कितीही सुंदर असला तरी माझ्या धाकट्याला तो मिळणार नाही.

दुसरी विनंती सूचनांबद्दल. एका विषयाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर, दुसऱ्याचा गृहपाठ शाळेच्या अ‍ॅपवर, तिसऱ्याची फाइल ईमेलवर. शोधण्यातच अर्धी संध्याकाळ जाते, आणि काही निसटलं की मुलाला बोलणी. संपूर्ण आठवड्याचं एकच पान द्या. शनिवारी द्या. काय वाचायचं, काय लिहायचं, कधी द्यायचं, अडलं तर कुणाला विचारायचं. ते पान कागदावर उतरवून भिंतीला लावता येईल एवढं साधं असू द्या.

आणि तिसरं, जे बोलायला संकोच वाटतो पण बोलते. आम्हाला शिक्षक बनवू नका. मला आठवीचं बीजगणित आता जमत नाही, आणि ते न जमण्यावरून घरात जे वाद होतात त्यात मूल विषयाचाच राग करू लागतं. मी काय करू शकते ते सांगा. ठरलेल्या वेळी त्याला बसवणं, शेजारी शांत बसणं, आणि झाल्यावर "आज काय कळलं ते मला समजावून सांग" म्हणणं, हे मी रोज करीन. ते पुरेसं आहे असं शाळेकडून ऐकायला मिळालं तर छातीवरचं मोठं ओझं उतरेल.

पाटीपेन्सिल

@दोन_मुलांची_आई, ते पुरेसं आहे. खरं तर त्याहून चांगलं काही सुचवता येणार नाही. समजावून सांगताना मूल स्वतःच्या आठवणीतून गोष्ट बाहेर काढतं, आणि त्यानेच ती पक्की होते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन हे तपासलं होतं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. म्हणून बीजगणित न येणारी आईसुद्धा अभ्यास पक्का करून घेऊ शकते, फक्त ऐकून घ्यायचं.

फोनच्या वेळेचा मुद्दा सर्वेक्षणात घालते आहे. तो माझ्या यादीत नव्हता.

गणितवेडा

मी थोडा विरोधी सूर लावतो. बावीस वर्षं गणित शिकवतो आहे.

थेट तास कमी केले की हुशार मुलांचं काही बिघडत नाही, ती स्वतः वाचतात. मधल्या आणि मागच्या मुलांना रोजची वेळ लागते. अमुक वाजता सर समोर येणार, आपलं नाव घेणार, हा दिवसाचा खुंटा असतो. तो उपटला की मूल कधी भरकटलं हे महिनाभर कळत नाही. त्यामुळे "निम्म्याहून कमी"बद्दल मला भीती वाटते.

मात्र लांबलचक तास नकोत हे मान्य. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही मोठा असो, साधारण विद्यार्थी सहा मिनिटांच्या आसपासच टिकत होता. ते विद्यार्थी मोठे होते, स्वतःहून आलेले होते. आपल्याकडच्या बारा वर्षांच्या मुलाकडून चाळीस मिनिटांची अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

माझा प्रस्ताव असा: रोज प्रत्येक वर्गाला सकाळी एकच थेट भेट, वीस-पंचवीस मिनिटं, वेळ कधीही न बदलणारी. त्यात नवीन शिकवणं जवळजवळ नाही. गेल्या आठवड्यातले दोन-तीन प्रश्न वही मिटून, मग आजच्या कामाची दिशा, मग शंका. नवीन भाग पाच-सहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रित तुकड्यांत, मुलाने हवा तेव्हा पाहावा, थांबवावा, मागे न्यावा. गणितात हा मागे नेण्याचा फायदा फार मोठा आहे. वर्गात पायरी सुटली की सुटलीच.

तुकडे कसे करायचे यावरही सांगतो, कारण अनेक शिक्षक इथेच घाबरतात. महागडं काही लागत नाही. पुस्तकांच्या दोन चळती, त्यांवर आडवी पट्टी, पट्टीवर फोन, खाली कोरा कागद. जाड पेनाने लिहीत बोलायचं. हात दिसतो, पायरी उमटताना दिसते. तयार स्लाइड एकदम उघडली की मूल उत्तर बघतं, रीत बघत नाही. त्याच अभ्यासात हाताने लिहीत समजावणारे व्हिडिओ स्लाइडपेक्षा जास्त धरून ठेवतात असंही आढळलं होतं.

पाटीपेन्सिल

@गणितवेडा सर, रोजच्या ठरलेल्या भेटीचा मुद्दा पटला. आराखड्यात तसाच घेते. पण सकाळी दहाला फोन नसलेल्या घरांचं काय? तीच भेट संध्याकाळी पुन्हा घ्यावी का?

गणितवेडा

घ्यावी. एक शिक्षक सकाळी, दुसरा संध्याकाळी. मुलाने कोणतीही एक गाठावी आणि हजेरी दोन्हीकडे सारखी धरावी.

जोडणीवाला

शाळांना तांत्रिक मदत करतो, त्यातून थोडे आकडे.

डेटा संपतो तो व्हिडिओने. आवाजाला फार कमी लागतो. ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) रेकॉर्ड केलेला बोलण्याचा आवाज एका मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा घेत नाही, म्हणजे पाच मिनिटांची फाइल अडीच एमबीच्या आत. तेवढाच व्हिडिओ चांगल्या दर्जाचा असेल तर त्याच्या कित्येक पट. म्हणून प्रत्येक तुकड्याबरोबर नुसत्या आवाजाची फाइल आणि फळ्याचा एक स्पष्ट फोटो द्या. ज्यांची जोडणी कच्ची आहे त्यांचं बरंचसं काम तेवढ्यात भागतं. व्हिडिओ ३६०पी मध्ये, म्हणजे कमी दर्जात चढवा, हाताने लिहिलेला कागद त्यात व्यवस्थित वाचता येतो. आणि डाउनलोड करून ठेवता येईल असाच द्या. नुसता ऑनलाइन पाहण्याजोगा व्हिडिओ उजळणीला प्रत्येक वेळी नव्याने डेटा खातो.

थेट भेटीत "सर, आवाज तुटतोय" येतं तेव्हा अनेकदा दोष मुलाच्या बाजूचा नसतो. शिक्षकाचा अपलोड कमी पडतो. अनेक घरांत डाउनलोडचा वेग भरपूर दिसतो आणि अपलोड त्याच्यापेक्षा फारच कमी असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. भेटीआधी अपलोड तपासा, फोनवरचं बाकी सगळं बंद करा, स्क्रीन दाखवताना स्वतःचा कॅमेरा बंद ठेवा.

अवांतर: पासवर्ड. सहावीतल्या मुलांसाठी मदतीचे निम्मे फोन त्याचेच येतात. वर्गशिक्षकाला मुलाचा पासवर्ड जागच्या जागी बदलून देता येईल अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. तसं नसेल तर मूल दोन दिवस बाहेर राहतं आणि नंतर लाजेने येतच नाही.

ब्रेलवाट

दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी मुलांना शिकवते. फळ्याच्या फोटोचा विषय निघाला म्हणून लगेच लिहिते आहे.

मजकुराचा फोटो स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, बहुतेकदा नीट वाचता येत नाही. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचं पान टाकता तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला बहुतेकदा फक्त "इमेज" ऐकू येतं. तेच चार ओळी टाइप करून टाकल्या तर तो सगळ्यांबरोबर वाचतो. एवढा एकच बदल करा, बाकीचं नंतर बोलू.

शिकवताना "हे इथे आलं, मग ते तिकडे गेलं" असं बोलू नका. "डावीकडचा तीन उजवीकडे नेला" म्हणा. फोनवरून नुसता आवाज ऐकणाऱ्या मुलालाही याचा उपयोग होतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा, खिडकीकडे पाठ करून बसू नका, ओठ दिसले पाहिजेत. एका वेळी एकच जण बोलेल हे पाळा. आपोआप येणारी मराठी उपशीर्षकं तपासल्याशिवाय देऊ नका, विज्ञानातल्या शब्दांचं काहीच्या काही होतं.

अकरावीतली_मी

मी विद्यार्थिनी आहे, इथे लिहिलं तर चालेल ना? दोन वर्षांपूर्वी आमचेही बरेच महिने ऑनलाइन गेले होते.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका, ही माझी सर्वांत मोठी मागणी. सगळ्यांच्या घरी वेगळी खोली नसते. मागे कुणीतरी झोपलेलं असतं, कुणी भांडत असतं, कुणी आजारी असतं. कॅमेरा लावला की मी सरांकडे बघत नव्हते, माझ्या मागे काय दिसतंय तेच बघत होते. नंतर वाचलं की स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली, त्यात सतत स्वतःचा चेहरा दिसणं हे एक होतं. बाकीची म्हणजे इतके सगळे डोळे जवळून आपल्यावर रोखलेले असणं, हलता न येणं, आणि हावभाव नीट कळत नाहीत म्हणून डोक्याला पडणारा जादा ताण. मला चारही अगदी ओळखीची वाटली.

शंका विचारायला मात्र ऑनलाइन खरंच सोपं गेलं. आमच्या एका मॅडमनी चॅट असं ठेवलं होतं की आम्ही लिहिलेलं फक्त त्यांनाच दिसायचं. वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या मुली त्यात विचारायच्या. त्या नाव न घेता शंका वाचायच्या आणि सगळ्यांना उत्तर द्यायच्या. ही एक गोष्ट शाळा पुन्हा भरल्यावरही राहायला हवी होती.

आणि मैत्रिणी. तास संपला की कॉल कापला जायचा. वर्गात तास संपतो तेव्हा तर बोलणं सुरू होतं. भेटीआधी दहा मिनिटं कॉल उघडून ठेवा, विषय नको, काही नको.

पाटीपेन्सिल

@अकरावीतली_मी, चालेल का काय विचारतेस! तुझ्या प्रतिसादाची तर वाट बघत होते. कॅमेरा ऐच्छिक, चॅट फक्त शिक्षकाला दिसणारी, दहा मिनिटं आधी कॉल खुला, तिन्ही जसंच्या तसं घेते.

सत्रांत

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. धागा उत्तम चालला आहे, पण आतापर्यंत शिक्षकांच्या बाजूने फारसं कुणी बोललेलं नाही, म्हणून हिशेब मांडतो.

वर्गात ४० मुलं. प्रत्येकाला आठवड्याला १५ मिनिटांचा फोन. झाली ६०० मिनिटं, म्हणजे १० तास. एका वर्गशिक्षकाला. वर ध्वनिमुद्रण, वर तपासणी, वर रात्री अकराला येणारे "सर, लिंक उघडत नाही". पाटीपेन्सिल, तुमचा विचार मला मनापासून आवडला आहे, आणि म्हणूनच तो दोन आठवड्यांत कोलमडू नये अशी इच्छा आहे. शिक्षक थकला की सर्वांत आधी हे फोनच बंद पडतात, कारण त्यांची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते.

मार्ग आहेत. चार-चार मुलांचे दहा गट करा, प्रत्येक गटाला २० मिनिटं. आठवड्याला २०० मिनिटं होतात, साडेतीन तासांच्या आत. तेही वर्गशिक्षकाने एकट्याने करू नये, त्या वर्गाला शिकवणाऱ्यांनी गट वाटून घ्यावेत. एकट्याचा फोन फक्त जे मूल दोन भेटी चुकलं त्याच्यासाठी, आणि तो त्याच दिवशी. आठवड्यातला एक दिवस थेट भेट नसलेला ठेवा, गटांसाठी आणि ध्वनिमुद्रणासाठी. एका इयत्तेसाठी एका धड्याचं ध्वनिमुद्रण एकाच शिक्षकाने करावं, त्या इयत्तेच्या बाकीच्या वर्गांनी तेच वापरावं. प्रत्येकाने तोच धडा वेगळा रेकॉर्ड करण्यात काय मिळतं?

पालकांच्या संदेशांना वेळ ठरवून द्या, आणि ती शाळेने जाहीर करावी. शिक्षकाने स्वतः "सातनंतर उत्तर देणार नाही" म्हटलं की तो वाईट ठरतो. शाळेने म्हटलं की नियम होतो. हे काम मुख्याध्यापकाचं आहे, त्याने ते टाळू नये.

एक जुना दाखला देतो. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून १९५१ मध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली. विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेचं दुतर्फी रेडिओचं जाळं होतं, त्यावरूनच दूरदूरच्या वस्त्यांवरची मुलं बाईंशी बोलायची. रेडिओवरचा वेळ थोडा असायचा. बाकी अभ्यास टपालाने आलेल्या कागदांवर, घरच्या मोठ्यांच्या देखरेखीखाली. तो थोडा वेळ फक्त ऐकण्याचा नव्हता, मुलाला उलट बोलता येत होतं.

दोन_मुलांची_आई

@सत्रांत सर, चार मुलांचा गट मला एकेकट्या फोनपेक्षाही बरा वाटतो. माझा मोठा एकटा असला की "हो, समजलं" म्हणून सुटतो.

नवीन_सभासद

मधेच विचारतो. माझी मुलगी बालवर्गात आहे, तिलाही रोज ऑनलाइन बसवणार आहेत. एवढ्या लहानांचं काय करावं?

ब्रेलवाट

@नवीन_सभासद, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बैठा स्क्रीनवेळ दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी असेल तेवढा बरा, असं आहे. शाळेला त्या दाखवा. बालवर्गाला गाणं-गोष्टीची आवाजाची फाइल आणि पालकांना "आज घरात गोल वस्तू शोधा" असं एखादं काम, एवढं पुष्कळ होतं. मोठ्यांसाठी डोळ्यांचा साधा नियम: दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या कशाकडे तरी २० सेकंद बघायचं. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे त्यानेही कोरडे पडतात.

गणितवेडा

परीक्षेचं कुणी बोललं नाही. घरी बसून जुन्या पद्धतीची प्रश्नपत्रिका दिली तर शिक्षकाचा सगळा जीव पाळत ठेवण्यात जातो आणि प्रामाणिक मूल स्वतःला मूर्ख समजू लागतं. पुस्तक उघडं ठेवायला परवानगी द्या आणि प्रश्न बदला. "सोडवा" ऐवजी "हे सोडवलेलं उदाहरण चुकलं आहे, कुठे आणि का ते लिहा." शिवाय सत्रांत सरांच्या चार मुलांच्या गटात प्रत्येकाला दोन मिनिटं तोंडी. दोन मिनिटांत कळतं हो, कुणाला रीत समजली आहे ते.

पाटीपेन्सिल

बैठक झाली, म्हणून सांगायला आले.

सहावी-सातवीला आराखडा मंजूर झाला: बुधवार सोडून रोज एक थेट भेट, सकाळी किंवा संध्याकाळी, चार मुलांचे गट, उरलेलं ध्वनिमुद्रित तुकड्यांत आणि कागदावर. आठवीला रोज दोन भेटी ठेवल्या आहेत. काही पालकांना तास कमी म्हणजे शिक्षण कमी असं वाटतं, आणि त्यांची काळजी खोटी नाही. त्यांच्यासाठी पहिल्या आठवड्यात चार मुलांचा एक गट खुला ठेवणार आहोत, येऊन ऐका म्हणून. पालकांच्या संदेशांची वेळ संध्याकाळी पाच ते सात, शाळेच्या नावाने जाहीर झाली. सर्वेक्षणात फोन मुळीच नसलेली काही घरं निघाली. त्या मुलांसाठी आठवड्याचा छापील संच आणि शेजारच्या वर्गमित्राच्या फोनवरून गटात सामील होण्याची सोय, दोन्ही घरच्यांना विचारून.

जोडणीवाला

अभिनंदन! गटात काय विचारणार ते ठरलं का? नवीन शिक्षक तिथेच अडतात, वीस मिनिटं हजेरी आणि "आवाज येतोय का" यात संपतात.

पाटीपेन्सिल

@जोडणीवाला, ठरलं आहे. आधी प्रत्येकाला नावाने, "या आठवड्यात काय जमलं ते सांग". मग मी एक उदाहरण देणार, चौघांपैकी एकाने पहिली पायरी सांगायची, दुसऱ्याने पुढची, आणि अडला त्याला आधी मित्राने सांगायचं, मी गप्प. मग "कुठे अडलं?" हे नुसतं विचारायचं नाही, वही उघडून अडलेल्या ओळीवर बोट ठेवायला लावायचं आणि ती ओळ वाचायला सांगायची. शेवटची दोन मिनिटं घरातलं कुणी मोकळं असेल तर त्यांच्यासाठी: मूल आता इथवर आलं आहे, या आठवड्यात रोज दहा मिनिटं त्याच्याकडून हे ऐका. निघताना पुढच्या गटाची वेळ मुलांकडूनच वदवून घ्यायची. सातवीचा पहिला गट सोमवारी सहाला आहे.